पाय लाल झाला, सुजला, ठणकतोय? लेप लावण्याआधी पेन घ्या

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की कोल्हापुरात जो तो पाण्याचा आकडा विचारत असतो. पाणी उतरलं की चिखल काढायचा, गोठा धुवायचा, गाद्या वाळत टाकायच्या. या धांदलीत पायांकडे बघायला कुणाला सवड असते? तरी त्याच दिवसांत एखाद्याचा पाय घोट्यापासून पोटरीपर्यंत लालेलाल होतो, टम्म सुजतो, हात लावला तर चटका बसावा इतका गरम लागतो आणि रात्री हुडहुडी भरून ताप येतो. पूरच यावा लागतो असंही नाही. गगनबावडा, राधानगरीकडची भातलावण, उसात पाणी पाजणं, पाल्यानं कापलेली पोटरी, नव्या चपलेनं अंगठ्याजवळ काढलेला फोड किंवा नवरात्रात अनवाणी चालताना पडलेली भेग, यातलं काहीही निमित्त पुरतं.

या दुखण्याला डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. त्याचाच वरच्या थरातला, ठळक कडा असलेला प्रकार म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडचं धावरे. बहुतेक वेळा दोन जातींचे जिवाणू याला कारण असतात, स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस. हे एरवीही आपल्या आसपास, कधी आपल्याच अंगावर असतात. कातडी अखंड आहे तोवर काही करत नाहीत. एखादी चीर मिळाली की खालच्या थरात उतरतात आणि तिथे आडवे पसरतात. शरीर त्या जागी रक्त वाढवतं, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, म्हणून लाली, सूज, गरमपणा आणि ठणका. यात बहुधा पू साठलेला नसतो. त्यामुळे "फोडून टाका, घाण निघून जाईल" हा सल्ला इथे चुकीचा आहे. फोडण्यासारखं काही नसतंच, उलट जिवाणूंना आणखी एक वाट मिळते.

आता पेनाचं. घरी करता येण्यासारखी ही सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात.

साधं बॉलपेन किंवा न पुसणारं मार्कर घ्या, जेल पेन घामानं फिसकटतं. उजेडात बसा. लाल भाग संपून नेहमीची कातडी कुठे सुरू होते ते शोधा आणि त्या कडेनं ठिपक्या-ठिपक्यांची रेघ ओढा. आपल्याकडच्या सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली लाल दिसतेच असं नाही. ती जांभळट, तपकिरी दिसते किंवा नुसतीच चकाकते. अशा वेळी डोळ्यांवर विसंबू नका. हाताची मागची बाजू फिरवत न्या, गरमपणा जिथे संपतो तिथे कड. बोटानं हलकेच दाबलं की ताणलेली, चकचकीत कातडी कुठपर्यंत आहे तेही कळतं. रेघेशेजारी तारीख आणि वेळ लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा, दर वेळी त्याच कोनातून, त्याच अंतरावरून. शिवणाची टेप असेल तर गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपासून १० सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजून ठेवा. सकाळ-संध्याकाळ एवढंच करायचं.

हे सगळं कशासाठी? कारण या आजारात "वाढतंय की कमी होतंय" हाच खरा प्रश्न असतो आणि माणसाची आठवण त्याचं उत्तर नीट देत नाही. ठणका कमी झाला की सूज उतरली असं वाटतं, घाबरलं की वाढली असं वाटतं. रेघ मात्र जागची हलत नाही. डॉक्टरांनाही "काल सकाळी आठला इथे होतं, आज इथे आहे" एवढं सांगितलं तर गोळ्यांवर भागेल की सलाइनमधून औषध द्यावं लागेल, हे ठरवणं सोपं जातं.

म्हणूनच लेप नको. हळद लावली की सगळंच पिवळं दिसतं, कड दिसेनाशी होते. गूळ-चुन्याचा लेप सुजेवर हमखास उपाय म्हणून घरोघरी सांगितला जातो, पण चुना क्षारी असतो, आधीच ताणलेली कातडी त्यानं भाजते. बिब्बा तर अजिबात नको. त्याच्या तेलानं फोड येतात आणि नवी जखम होते. टूथपेस्ट, राख, तंबाखू यांचंही तेच. मुळात आजार कातडीच्या खालच्या थरात आहे, वरून लावलेलं काहीच तिथपर्यंत पोचत नाही. अँटिबायोटिक मलमसुद्धा नाही.

लाल सुजलेला पाय म्हणजे दर वेळी सेल्युलायटिसच, असंही नाही. दोन्ही पाय एकदम, सारखे लाल झाले असतील तर बहुधा ते शिरांमधलं रक्त नीट वर न चढल्यामुळे होणारं दुखणं असतं, त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नाही. दुखण्यापेक्षा खाज जास्त असेल तर इसब किंवा चपलेच्या चामड्याची, रंगाची ॲलर्जी असू शकते. अंगठ्याच्या मुळाशी रात्रीत भयंकर दुखायला लागलं, पांघरूणही सोसवेना, तर युरिक ॲसिडचा विचार करावा लागतो. आणि ऑपरेशननंतर, लांबच्या प्रवासानंतर किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर एकच पोटरी सुजली, आतून दुखते पण वर फारशी लाली नाही, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. तिथे पाय चोळणं जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्यायची.

जिवाणू आत कुठून शिरले, ही चौकशी फार कमी जण करतात. पाय लाल झालेल्या माणसाला मी पहिल्यांदा बोटांच्या बेचक्या बघायला सांगतो. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बेचकी सगळ्यात आधी. तिथली कातडी पांढरी, भिजल्यासारखी, सोललेली असते, मध्ये बारीक चीर असते, वास येतो. ह्या चिखल्या. हा बुरशीचा त्रास आहे, खाज सोडली तर फार दुखत नाही, म्हणून पावसाळाभर तसाच राहतो. पण तिथल्या एका चिरेतून आत गेलेले जिवाणू पोटरीपर्यंत पोचतात. पोटरीवरची लाली औषधानं गेली आणि चिखल्या तशाच राहिल्या तर पुढच्या पावसात तोच पाय पुन्हा सुजतो.

चिखल्यांवर उपाय स्वस्त आहे, चिकाटी मात्र लागते. पाय साबणानं धुऊन प्रत्येक बेचकी सुती फडक्यानं कोरडी करायची. नुसते पाय झटकून चप्पल घालायची नाही. मग १ टक्का क्लोट्रिमॅझोलचं मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे. आठवड्याभरात खाज थांबते आणि तिथेच लोक ट्यूब ठेवून देतात. बुरशी अजून तिथेच असते, ती परत येते. मेडिकलमधून "सगळ्यावर चालणारी" मिक्स ट्यूब मात्र घेऊ नका. तिच्यात स्टेरॉइड असतं. त्यानं दोन दिवसांत छान वाटतं, आतून बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन असं लिहिलं असेल तर ती परत करा.

शेतात गमबूट घालणं चांगलंच, पण बुटात पाणी शिरलं आणि दिवसभर त्यातच पाय राहिले तर अनवाणी असण्यापेक्षा वाईट. मधल्या सुट्टीत बूट पालथे करून पाणी काढायचं, पाय पुसायचे. उसाच्या पाल्यानं कापलं किंवा कोयता लागला की वाहत्या पाण्याखाली साबणानं नीट, घाई न करता धुवायचं. आत कुस किंवा काडी राहिलेली नाही ना ते बघायचं. मग कोरडी पट्टी. शेण-मातीतली जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर ते पुन्हा घ्यायला हवं.

दवाखान्यात गेल्यावर काही गोष्टी न विचारता सांगा. शुगर आहे का, किडनीचा त्रास आहे का, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, दिवस गेलेत का, पूर्वी याच पायाला असं झालं होतं का. आणि पुराच्या, ओढ्याच्या किंवा विहिरीच्या पाण्यात जखमेसह उतरला होता का, हे तर नक्कीच सांगा. गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचा जिवाणू असतो. नेहमीच्या सेल्युलायटिसला दिली जाणारी औषधं त्याच्यावर बऱ्याचदा चालत नाहीत. डॉक्टरांना पाण्याचं माहीतच नसेल तर ते नेहमीचंच औषध देणार. कुत्रं, मांजर चावलं असेल तरी औषध बदलतं, शिवाय रेबीजची लस लागते.

साध्या, ताप नसलेल्या सेल्युलायटिसला बहुधा सेफॅलेक्सिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर क्लिंडामायसिन. सेफॅलेक्सिन मोठ्या माणसाला साधारण ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा असतं. चार वेळा म्हणजे सहा-सहा तासांनी. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा असा मोबाइलला गजर लावा. दिवसभरात कधीही चार गोळ्या घेऊन भागत नाही, कारण हे औषध काही तासांत रक्तातून निघून जातं. नीट उतार पडत असेल तर पाच ते सात दिवस पुरतात, सूज जास्त असेल तर डॉक्टर वाढवतात. काउंटरवर मागून घेतलेली तीन गोळ्यांची ॲझिथ्रोमायसिनची पट्टी या आजाराचं पहिलं औषध नाही. तिच्यात तीन दिवस जातात आणि तेवढ्यात जिवाणू पुढे सरकतात.

औषध सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत लाली रेघेच्या थोडी बाहेर जाऊ शकते. जिवाणू मरताना बाहेर पडणाऱ्या द्रव्यांमुळे तसं होतं. एवढ्यावरून औषध बदलू नका. ४८ ते ७२ तासांत मात्र ताप उतरायला हवा, ठणका कमी व्हायला हवा, लाली थांबायला हवी. नाही थांबली तर पुन्हा दाखवा. औषध चुकीचं असेल, आत पू झाला असेल किंवा निदानच वेगळं असेल. सूज उतरायला दोन-तीन आठवडे लागतात आणि शेवटी कातडीचे पापुद्रे निघतात. हे दोन्ही बरं होण्याचा भाग आहे, त्यासाठी गोळ्या वाढवायच्या नसतात.

गोळ्यांइतकंच महत्त्व पाय वर ठेवण्याला आहे आणि नेमका तोच भाग हयगयीत जातो. खुर्चीत बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवला तर तो हृदयाच्या खालीच राहतो. आडवं व्हायचं आणि पोटरीखाली दोन-तीन उशा घालायच्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे, नाहीतर टाचेवर दाब येऊन तिथे जखम होते. उशा घसरत असतील तर कॉटच्या पायथ्याच्या दोन्ही खुरांखाली एकेक वीट सरकवा. पहिले दोन-तीन दिवस जेवण आणि संडास-बाथरूम सोडून बाकी वेळ असंच. पण निपचित पडून राहायचं नाही, दर तासाला घोटा वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवायचा, म्हणजे शिरेत गुठळी होत नाही. उभं राहिलं की पायात ठणका उसळतो, म्हणून आधी मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं. चोळणं, शेकणं, करकचून पट्टी बांधणं हे काहीच नको.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम, किमान सहा तासांच्या अंतरानं, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा त्रास असेल किंवा रोज दारू असेल तर आधी विचारा. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन मारून कामाला जाणं इथे धोक्याचं आहे. दुखणं आणि ताप दोन्ही दबतात, आजार आत पसरत राहतो आणि कळतच नाही. शिवाय तापानं शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीवर ताण येतो.

शुगर असलेल्यांसाठी दोन गोष्टी. पायाला बधिरपणा असेल तर ठणका जाणवणारच नाही, म्हणून दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा घेऊ नका. आणि संसर्गात शुगर चढते, जेवण कमी झालं तरी. दिवसातून दोन-तीनदा तपासा आणि इन्सुलिन आपल्या मनानं बंद करू नका.

आता जे ओळखता आलंच पाहिजे ते. दिसतंय त्या मानानं दुखणं फारच जास्त आहे, माणूस अक्षरशः विव्हळतोय. तासा-दोन तासांत लाली रेघेच्या बोट-दोन बोटं पुढे गेली. कातडी जांभळी-काळी पडायला लागली, पाण्याचे किंवा रक्ताळ फोड आले, दाबल्यावर खाली हवा भरल्यासारखी चुरचुर लागते, किंवा आधी दुखणारी जागा एकदम बधिर झाली. गरगरणं, बरळणं, लघवी कमी होणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि सर्जन असलेल्या मोठ्या रुग्णालयात, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळ असेल तिथे, रात्रीच पोचा. जिवाणू स्नायूंवरच्या आवरणापर्यंत उतरले असतील तर नुसत्या औषधानं भागत नाही, मेलेला भाग कापून काढावा लागतो आणि त्यात तास मोजले जातात. जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येणं किंवा पायावरून वर चढणारी लाल रेघ दिसणं हे इतकं भयंकर नाही, पण तेही त्याच दिवशी दाखवायचं.

पुराच्या पाण्यातून आल्यावर ताप आहे, डोळे लाल आहेत, दोन्ही पोटऱ्या आणि कंबर दुखते, पण पायावर लाली नाही, असं असेल तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्याचं औषध वेगळं, घाई मात्र तितकीच.

गळू आणि केसतूड यांची गोष्ट मात्र उलटी आहे. इथे पू एका जागी साठलेला असतो, भोवती भिंत तयार होते आणि त्या भिंतीआड रक्त पोचत नाही, म्हणून अँटिबायोटिकही पुरेसं पोचत नाही. गळू लहान असेल तर शेकण्यानं काम होतं. सोसेल इतक्या गरम पाण्यात स्वच्छ फडकं बुडवून, पिळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. आपोआप तोंड पडून फुटलं तर पू टिपून घ्यायचा, कोरडी पट्टी लावायची, फडकं उकळायचं. मोठं झालं, मऊ पडलं तर डॉक्टरांकडून चिरून घ्यायचं. ही पाच-दहा मिनिटांची गोष्ट असते आणि त्यानं जो आराम पडतो तो आठवडाभराच्या गोळ्यांनी पडत नाही. पू निघताना तो तपासणीला पाठवायला सांगा, म्हणजे पुढे गरज पडली तर कुठलं औषध लागू आहे ते कळतं. घरी सुईनं टोचणं नको आणि नाकावरचं, वरच्या ओठावरचं केसतूड पिळणं तर कधीच नको. तिथल्या शिरा आत मेंदूच्या दिशेनं जातात.

तालमीतल्या पोरांना हे सारखं होतं, कारण अंगाला अंग घासतं आणि टॉवेल, लंगोट, दाढीचं ब्लेड या हातातून त्या हातात जातं. मातीला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, लंगोट रोज धुऊन उन्हात, सरावानंतर अर्ध्या तासाच्या आत साबणानं आंघोळ, एवढं वस्तादांनी सक्तीचं केलं तर अर्ध्याहून जास्त त्रास टळेल असं मला वाटतं. ओली जखम असलेल्यानं आखाड्यात उतरायचं नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन कुस्तीत यासाठी लेखी नियम आहे: औषध सुरू होऊन ७२ तास झालेले, ४८ तासांत नवी पुळी नाही, आणि एकही जखम ओली नाही. तो जसाच्या तसा घेण्यासारखा आहे.

लहान मुलांच्या नाका-तोंडाभोवती मधाच्या रंगाची खपली धरणाऱ्या पुळ्या आल्या तर तो इम्पेटिगो. खपली कोमट पाण्यानं भिजवून हलकेच काढायची आणि खाली म्युपिरोसिन २ टक्के मलम पाच दिवस. खपलीवर मलम थापून उपयोग नाही. पुळ्या बऱ्याच असतील तर पोटातून औषध लागतं. नखं कापा, टॉवेल वेगळा करा आणि औषध सुरू होऊन निदान २४ तास होईपर्यंत शाळेत पाठवू नका. पुळ्या बऱ्या झाल्यावरही तीनेक आठवडे लक्ष असू द्या. सकाळी डोळ्यांखाली सूज, काळ्या चहासारखी लघवी दिसली तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या. स्ट्रेप्टोकॉकसमुळे क्वचित किडनीला सूज येते.

गळवं पुन्हा पुन्हा येत असतील तर आधी शुगर तपासा, एचबीए१सी या गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीसह. मग नाक. साधारण दहातल्या तिघांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस मुक्कामाला असतो आणि नाकातून बोटावर, बोटावरून काखेत, मांडीवर जातो. डॉक्टरांच्या सल्ल्यानं नाकपुड्यांत म्युपिरोसिन दिवसातून दोनदा पाच दिवस आणि त्याच दिवसांत ४ टक्के क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकानं आंघोळ, अंगावर दोन मिनिटं ठेवून मग धुवायचं. घरातल्या आणखी कुणाला गळवं येत असतील तर त्यांनीही त्याच आठवड्यात हे करायचं, चादरी-टॉवेल गरम पाण्यात धुवायचे. एकट्यानं केलं तर जिवाणू घरातूनच परत येतो.

आणि सेल्युलायटिस वर्षात तीन-चारदा झाला, चिखल्या बऱ्या करूनही, तर कमी मात्रेचं पेनिसिलिन काही महिने रोज देण्याची पद्धत आहे. त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. प्रत्येक वेळी आतल्या रसवाहिन्या थोड्या खराब होतात, सूज कायमची राहू लागते आणि सुजलेल्या पायाला पुढचा झटका लवकर येतो. ठणका, लाली पूर्ण गेल्यावर डॉक्टरांनी मापानं दिलेले दाबाचे मोजे घालायचे ते याच साठी: सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी, पायाला सूज चढायच्या आत, आणि रात्री झोपताना काढून बेचक्या पुन्हा एकदा बघायच्या.